ऑइल पोर्ट्रेट : दुसऱ्या तासाला चेहरा का मळतो?

तक्रार ठरलेली असते. पहिला अर्धा तास काम झकास चालतं. कपाळावर नारिंगी, गालाच्या सावलीत हिरवा, हनुवटीखाली जांभळा. चित्र जिवंत दिसतं, मागून जाणारा थांबून बघतो. मग डोळा जरा नीट करू, नाक थोडं उचलू, असं करता करता तासाभरात सगळा चेहरा एकाच करड्या-तपकिरी रंगाचा होऊन बसतो. वर ताजा पिवळा लावावा तर तोही दोन मिनिटांत त्यातच विरघळतो. शेवटी चित्रात ताजे राहतात फक्त कान आणि शर्टाची कॉलर, कारण तिकडे दुसऱ्यांदा कोणी फिरकलेलंच नसतं.

खरी मेख त्या कानातच आहे. तोच रंग, तोच ब्रश, तोच माणूस. तरी कान मळला नाही. म्हणजे दोष ट्यूबमध्ये असण्याची शक्यता कमी. पण बहुतेक जण इथून थेट दुकानात जातात आणि कॅडमियम धातूपासून बनवलेला महागडा रंग घेऊन येतात. पुढच्या खेपेला तोही मळतो, फक्त जास्त पैशांत.

माझं मत सरळ आहे. एक्स्प्रेशनिस्ट पोर्ट्रेटमध्ये, म्हणजे हुबेहूबपणापेक्षा भावनेसाठी रंग आणि रूप ताणलेल्या चेहऱ्यात, रंग मळतो तो बहुतेक वेळा जिथे काही ठरलेलं नसतं तिथे. काय करायचं हे माहीत नसलं की हात घासायला लागतो, आणि ऑइल कलर घासलेला सहन करत नाही. साहित्याचे दोषही असतात, तेही सांगतो. पण आधी चित्राकडे नीट बघू.

मळलंय नेमकं कुठे?

कॅनव्हास भिंतीला टेकवा, आठ-दहा फूट मागे जा आणि डोळे बारीक करून बघा. पार्श्वभूमीसकट सगळंच सारखं मळलं असेल तर दोष साहित्यात आणि सफाईत आहे. डोळ्यांच्या खोबणी, नाकाची बाजू, ओठांचे कोपरे, जबड्याची कड एवढ्याच जागा मळल्या असतील तर रेखाटन कच्चं आहे. उजेडाची बाजू पांढुरकी, खडू फासल्यासारखी दिसत असेल तर पांढऱ्याचा अतिरेक झालाय. आणि उठताना काम ताजं होतं पण चार दिवसांनी निस्तेज झालं, तर रंग मळलेलाच नाही. त्यातलं तेल खाली शोषलं गेलंय.

हे चारही वेगवेगळे प्रकार आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर काम आणखी बिघडतं. निस्तेज झालेल्या चित्रावर पुन्हा जाड रंग चढवणारे आणि कच्च्या रेखाटनावर नवीन ब्रश विकत घेणारे, दोघेही भरपूर भेटतात.

सगळंच मळलं असेल तर

हे सगळ्यात सोपं आहे. टर्पेंटाइनच्या भांड्यात बघा. ते चहाच्या रंगाचं झालं असेल तर प्रत्येक फटकाऱ्याबरोबर तोच रंग कॅनव्हासवर जातोय. दोन भांडी ठेवा, एक पहिल्या धुण्याचं, एक दुसऱ्या. आणि मुळात ब्रश बुडवण्याआधी चिंधीने पुसा. पोर्ट्रेटच्या एका बैठकीत ब्रश जितका टर्पेंटाइनमध्ये बुडेल त्याच्या कितीतरी पट जास्त वेळा तो चिंधीला लागला पाहिजे. जुन्या सुती धोतराच्या किंवा बनियनच्या चिंध्या उत्तम; टिश्यू पेपर फाटतो आणि त्याचा लगदा रंगात जातो.

एका ब्रशने अख्खं पोर्ट्रेट करणारे उस्ताद असतात. तुम्ही-आम्ही त्यांतले नाही. पाच-सहा हॉग हेअरचे, म्हणजे डुकराच्या राठ केसांचे, ब्रश घ्या, फ्लॅट (चपटे) किंवा फिल्बर्ट (चपटे, गोलसर टोकाचे), आणि उबदार उजळ, उबदार गडद, थंड उजळ, थंड गडद असे वाटून टाका (उबदार म्हणजे लाल-पिवळ्याकडचे रंग, थंड म्हणजे निळ्या-हिरव्याकडचे). डाव्या हातात धरून काम करायची सवय लागायला वेळ लागतो, पण गढूळपणाचा मोठा भाग तेवढ्यानेच जातो. मऊ सेबलचे ब्रश आणि पंख्यासारखा फॅन ब्रश या कामासाठी घरीच ठेवा.

हार्डवेअरच्या दुकानातून टर्पेंटाइन आणत असाल तर मिनरल टर्पेंटाइन सरावाला चालतं. एनसी थिनर मात्र आणू नका; तो लॅकरसाठी असतो, भयंकर उग्र असतो आणि बंद खोलीत दोन तास त्याच्यासोबत बसणं धोक्याचं आहे. खिडकी तर कोणत्याही परिस्थितीत उघडीच हवी.

आता ट्यूब. स्वस्त ट्यूबवर नावापुढे ‘ह्यू’ लिहिलेलं असतं. कॅडमियम रेड ह्यू म्हणजे त्यात कॅडमियम नाही, दुसऱ्या रंगद्रव्यांनी तशी छटा जुळवलेली आहे. त्यात गैर काही नाही. पण अशा ट्यूबमध्ये पुष्कळदा दोन-तीन रंगद्रव्यं असतात, म्हणजे तुम्ही दोन ट्यूब मिसळल्या की प्रत्यक्षात पाच गोष्टी एकत्र होतात आणि मिश्रण करड्याकडे झुकतं. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात कोड असतो. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन हा निळा, पीआर १०८ म्हणजे खरा कॅडमियम रेड, पीजी १८ म्हणजे व्हिरिडियन हा हिरवा. एकच कोड असलेल्या ट्यूब घ्या, कमी घ्या. टायटॅनियम व्हाइट, एक पिवळा, एक नारिंगीकडे जाणारा लाल, एक किरमिजी, अल्ट्रामरीन, व्हिरिडियन आणि हवा तर आयव्हरी ब्लॅक. यात चेहऱ्याचं सगळं भागतं. किरमिजीसाठी जुना अ‍ॅलिझरिन उन्हा-उजेडात उडतो, त्यापेक्षा क्विनाक्रिडोन बरा. व्हिरिडियनऐवजी थॅलो ग्रीन घेतलात तर वाटाण्याएवढा थेंबसुद्धा अख्खं पॅलेट हिरवं करतो, एवढं लक्षात असू द्या.

‘फ्लेश टिंट’ नावाची गुलाबी ट्यूब कोणाला तरी देऊन टाका. आपल्याकडच्या कोणत्याच माणसाच्या कातडीचा तो रंग नाही.

ओल्यावर ओलं

सगळ्यात जास्त पोर्ट्रेट इथे मरतात, म्हणून इथे जरा थांबू.

ओल्या रंगावर ओला रंग लावायचा तर वरचा रंग खालच्यापेक्षा घट्ट आणि जास्त हवा. हे एवढंच तंत्र आहे. खालचा थर जाड आणि तेलकट असेल तर वरचा फटकारा तो नुसता ढवळतो. सुरुवातीलाच कपाळावर पावभाजीवरच्या लोण्यासारखा रंग थापला, तर पुढच्या दीड तासात कपाळावर दुसरं काहीच करता येणार नाही.

म्हणून पहिला थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, जवळजवळ जलरंगासारखा. तेल नको. तो दहा-पंधरा मिनिटांत बऱ्यापैकी बसतो. दुसरा थर ट्यूबमधून निघालेला, काही न मिसळता. तिसरा, म्हणजे शेवटचे मोजके जाड फटकारे, हवं तर किंचित जवसाचं तेल घालून. हा क्रम उलटा केला, तेलकट थर खाली आणि टर्पेंटाइनचा वर, तर पुढे तडेही जातात.

फटकारा मारताना ब्रश कॅनव्हासला जवळपास समांतर धरा, टोकाने टोचू नका. भरपूर रंग घ्या, ठेवा, उचला. परत त्याच जागेवरून जायचं नाही. दर फटकाऱ्यानंतर ब्रश पुसा, कारण खालचा थोडा रंग त्याला लागलेलाच असतो आणि तो पुढच्या फटकाऱ्यात उतरतो. लाल गालाला चिकटून हिरवी सावली असेल तर तिथे ही शिस्त दुप्पट पाळा. लाल आणि हिरवा शेजारी बसले की दोघंही उजळतात. एकमेकांत गेले की दोघंही मरतात. शेजारच्या रंगामुळे रंग बदललेला दिसतो हे शेव्हरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये सविस्तर मांडलं. पॅरिसच्या गोबलँ या चित्रपट विणणाऱ्या कारखान्यातल्या धाग्यांचा काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार होती, आणि तपासात निघालं की रंगात खोट नाही, शेजारचे धागे तो फिका दाखवतायत. तुमच्या गालाचंही बरेचदा तेच असतं. गाल फिका वाटला की लगेच त्यावर लाल चढवू नका. शेजारची सावली थोडी हिरवी करून बघा.

खालचा थर लवकर बसावा यासाठी जर्मनीतल्या एक्स्प्रेशनिस्ट मंडळींनी काय काय केलं ते बघण्यासारखं आहे. म्युनिकजवळच्या मुर्नाऊ गावात काम करणारे चित्रकार यावलेन्स्की आणि गाब्रिएले म्युंटर कित्येक चित्रं पुठ्ठ्यावर करत. पुठ्ठा तेल ओढून घेतो, त्यामुळे रंग पटकन घट्ट होतो आणि दुसरा फटकारा पहिल्यात बुडत नाही. ड्रेस्डेनला १९०५ मध्ये किर्शनर आणि त्याच्या मित्रांनी स्थापलेल्या ‘ब्र्युके’ गटातले चित्रकार वेगाने काम व्हावं म्हणून रंगात बेंझिन घालत. पेट्रोलचा हा भाऊबंद घरात आणू नका, पुठ्ठा मात्र जरूर वापरा. कच्चा पुठ्ठा काही वर्षांत पिवळा पडून ठिसूळ होतो, म्हणून जपून ठेवायच्या कामासाठी जेसोचा, म्हणजे रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराचा, एक पातळ हात द्या. सरावाला तसाच चालेल. दुसरा मार्ग म्हणजे पहिला थर अ‍ॅक्रिलिकमध्ये करायचा. तो अर्ध्या तासात पूर्ण वाळतो आणि वर ऑइल बिनधास्त बसतं. उलट करू नका, ऑइलवर अ‍ॅक्रिलिक टिकत नाही.

यावलेन्स्कीचं १९०९ मधलं अलेक्झांडर साखारोफ या नर्तकाचं पोर्ट्रेट म्युनिकच्या लेनबाखहाउस या कलासंग्रहालयात आहे. लाल पोशाख, पांढरा चेहरा, रंगवलेले डोळे. तेही पुठ्ठ्यावरच, आणि झपाट्याने झालेलं. असं सांगतात की साखारोफ ते ओलं असतानाच घेऊन गेला, कारण मित्र त्यावर पुन्हा काम करत बसेल अशी त्याला भीती होती. प्रत्येक चित्रकाराला असा एक साखारोफ मिळायला हवा. तो नसेल तर मोबाइलवर गजर लावा.

आता मळलंच तर? त्यावर ताजा रंग लावू नका. हे वाक्य स्टुडिओच्या भिंतीवर लिहून ठेवलं तरी चालेल. मळलेल्या जागी ताजा रंग म्हणजे आणखी मळ. तिथला रंग आधी काढा. पॅलेट नाइफ आडवी धरून खरवडा, चिंधीने पुसा, खालचा पातळ थर दिसू दे, मग एकच फटकारा. जागा मोठी असेल तर लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये शिकवणाऱ्या हेन्री टाँक्स यांची युक्ती करा, तिला टाँकिंगच म्हणतात. जुनं वर्तमानपत्र ओल्या चित्रावर ठेवायचं, तळहाताने दाबायचं आणि सावकाश उचलायचं. वरचा जास्तीचा रंग आणि तेल कागदावर येतं. चित्राचा मऊ, पातळ ठसा खाली राहतो. पुष्कळदा तो ठसाच तासाभराच्या कामापेक्षा चांगला निघतो.

खरवडणं म्हणजे हार मानणं, ही समजूत कुठून आली कोण जाणे. चित्रकार फ्रँक आउअरबाख आयुष्यभर हेच करत राहिले. १९३१ चा बर्लिनमधला जन्म, १९३९ मध्ये लहान वयातच इंग्लंडला रवानगी, २०२४ मध्ये निधन. तीच ठरलेली माणसं वर्षानुवर्षं समोर बसवायची, आणि झालेलं काम पुढच्या बैठकीला खरवडून पुन्हा सुरुवात करायची. शेवटी जे टिकायचं ते एका झपाट्यातलं असायचं.

खोबणी, नाक आणि जबडाच मळत असेल तर

इथे रंगाला दोष देऊन उपयोग नाही. डोळा कुठे आहे हेच पक्कं झालेलं नाही. ब्रशने डोळा इकडे-तिकडे सरकवला की गडद रंग गालावर जातो आणि गालाचा खोबणीत येतो, मग दोन्ही सारखे होतात.

एक्स्प्रेशनिस्ट चित्र म्हणजे रेखाटन सैल चालतं असं पुष्कळांना वाटतं. सैल असतं ते रूप. निर्णय सैल नसतो. वाकडं नाक चालेल, पण वाकडं कुठून कुठपर्यंत हे ठरलेलं हवं.

कोळशाने आखत असाल तर आधी तो झटका. सुटा कोळसा उजळ रंगात मिसळून पिवळ्याचा सरळ शेवाळी करतो, आणि लोक तासभर कारण शोधत बसतात. मी तर म्हणेन कोळसा सोडाच; पातळ अल्ट्रामरीनने थेट ब्रशने आखा. चुकलं तर चिंधीने पुसता येतं आणि राहिलेली निळी रेष पुढच्या रंगात गेली तरी सावलीसारखीच वागते. आखताना नाक-डोळे असं नका बघू. सावलीचा एक अखंड आकार शोधा, भुवईखालून नाकाच्या बाजूने ओठाखाली आणि मानेत उतरणारा. तो एका सपाट पातळ रंगात भरून टाका. हा नकाशा पटला नाही तर पुढे जाऊच नका.

मग मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करा. रंग गेल्यावरही चेहरा ओळखू येत असेल तर तुम्हाला रंगाचं पूर्ण स्वातंत्र्य आहे. हिरवं नाक, निळा गाल, जे हवं ते. टोन, म्हणजे रंगाचा उजळ-गडदपणा, जागेवर असला की डोळा कोणताही रंग स्वीकारतो. मातिसने १९०५ मध्ये बायकोच्या चेहऱ्यावर मधोमध हिरवा पट्टा ओढला. ते चित्र कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. मातिस फॉव्ह, म्हणजे भडक रंग वापरणाऱ्या फ्रेंच गटातला, जर्मन मंडळींपेक्षा वेगळ्या घराण्यातला, पण धडा हाच. चेहऱ्याची एक बाजू पिवळसर, दुसरी गुलाबी, आणि हिरवा पट्टा या दोघांमधली सीमा सांभाळतो. तो नुसता धीटपणा असता तर चेहरा फुटला असता.

टोन एकच आणि रंग वेगळे अशी गफलत झाली की हात आपोआप कडा मऊ करायला धावतो, कारण काहीतरी चुकल्यासारखं वाटत असतं. मऊ करता करता मळतं. आपल्याकडे तर ही सवय फार खोल आहे. महाराष्ट्रात पोर्ट्रेटची जी भक्कम अकॅडमिक परंपरा आहे तिचा मला आदरच आहे. तिने टोन शिकवला. पण तिच्यासोबत ‘फिनिश’ची ओढही येते. गाल गुळगुळीत झाला नाही तर काम अर्धवट राहिलं, असं आतून वाटत राहतं. त्यात घरातलं कोणी मागून डोकावून विचारतं, “नाक असं असतं होय रे कुठे?” मग आणखी एक हात फिरतो.

यावर म्युंटरचा उपाय सगळ्यात व्यवहारी आहे. गडद बाह्यरेषा. मुर्नाऊला तिने तिथल्या लोककलाकारांची काचेवर मागून रंगवलेली चित्रं पाहिली, ते तंत्र शिकून घेतलं, आणि तिच्या ऑइलमध्येही त्या रेषा उतरल्या. १९०९ चं तिने केलेलं चित्रकार मारियान फॉन वेरेफकिनचं पोर्ट्रेट बघा. पिवळी पार्श्वभूमी, मोठी हॅट, जांभळट शाल, आणि प्रत्येक रंग आपल्या कुंपणात. रेष दोन ओल्या रंगांमध्ये अंतर ठेवते. तुम्हाला काळी रेष नको असेल तर दोन फटकाऱ्यांमध्ये सुतभर जागा कोरी सोडा आणि खालचा पातळ निळा थर तिथे दिसू द्या. काम तेच होतं.

आपल्याला जवळचं उदाहरण हवं तर सोझा. फ्रान्सिस न्यूटन सोझा १९२४ मध्ये गोव्यातल्या साळगावला जन्मले, मुंबईच्या जे. जे.मधून त्यांना काढून टाकलं गेलं, आणि १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा करणाऱ्यांत ते होते. नाझींमुळे व्हिएन्ना सोडून मुंबईत आलेले आणि टाइम्स ऑफ इंडियात कला-संचालक झालेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर या तरुणांना घरी बोलावून चित्रं दाखवत, चर्चा करत. युरोपातली ही हवा मुंबईत आली त्याचा एक रस्ता तो. सोझांच्या डोक्यांमधली जाड काळी रेष बघा. तिच्या आत रंग कितीही दंगा करो, कवटी हलत नाही.

चेहरा खडूसारखा होत असेल तर

उजेड दाखवायचा म्हणजे पांढरा घालायचा, हे डोक्यातून काढावं लागतं. टायटॅनियम व्हाइट कोणत्याही रंगाला उजळ करतो, पण त्याच वेळी थंड आणि फिकट करतो. लालमध्ये घातला की गुलाबी, तपकिरीत घातला की सिमेंट. उजळायचं असेल तर आधी पिवळा, मग नारिंगी, मग अगदी शेवटी पांढऱ्याचं टोक. पहिला तासभर पांढरा पॅलेटवर काढूच नका. करून बघा, चित्र गडद होईल पण जिवंत राहील.

आपल्याकडे या दोषाला आणखी एक कारण आहे आणि ते चित्रकलेचं नाही. समोर बसलेल्या मावशी म्हणतात, “अगं, मी एवढी काळी आहे का?” आणि चित्रकार निमूटपणे पांढरा उचलतो. मावशींना सांगा, हा त्यांच्या कातडीचा रंग नाही, खिडकीतून येणाऱ्या उजेडाचा आहे. पटणार नाही, पण सांगा.

गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यावर एक्स्प्रेशनिस्ट रंग जास्त खुलतात असं माझं ठाम मत आहे. मधल्या टोनमध्ये जोरकस नारिंगी आणि तांबडा बसतो, सावलीत किरमिजी आणि अल्ट्रामरीन मिसळून गडद जांभळा, जबड्याखाली व्हिरिडियन. सावलीसाठी तपकिरीत काळा घालायचा नाही. तिथूनच चिखल सुरू होतो. आणि खिडकीच्या उजेडात सावळ्या कपाळावरची चमक निळसर असते, पांढरी नव्हे. थोडा निळा घातलेला उजळ रंग एकदाच, जाड ठेवा. बाहेरच्या पुस्तकांतली आणि व्हिडिओंतली मिश्रणं बहुतेक गोऱ्या कातडीवर बेतलेली असतात, ती जशीच्या तशी उचलली की चेहरा आजारी दिसतो.

चार दिवसांनी निस्तेज झालं असेल तर

ओल्या कापडाने तो भाग हलकेच पुसून बघा. ओला असताना रंग परत खोल दिसला तर काळजी नाही, तेल खाली उतरलंय. जास्त टर्पेंटाइन, फार शोषणारा जेसो, किंवा अंबर (मातकट तपकिरी) आणि काळ्यासारखे रंग असले की हे होतंच. चित्र हाताला कोरडं लागलं की जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं घेऊन चिंधीने अगदी पातळ चोळा आणि उरलेलं लगेच पुसून टाका. बस्स.

रात्री ट्यूबलाइटखाली रंगवून सकाळी धक्का बसत असेल तर तो दिव्याचा दोष. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर आणि ४००० ते ५००० केल्विन (उजेड किती पिवळसर की निळसर त्याचं माप) लिहिलेलं असेल असा घ्या, आणि तोच उजेड चित्रावर आणि पॅलेटवर दोन्हीकडे पडू द्या.

करडं दिसतंय म्हणजे बिघडलंच असं नाही

हे सांगायला हवं, कारण वरचं सगळं वाचून कोणी नुसतेच भडक रंग लावत सुटेल. ऑस्ट्रियन एक्स्प्रेशनिस्ट कोकोश्काची १९०९-१० ची पोर्ट्रेटं मुळीच झगझगीत नाहीत. करडी, मातकट, पातळ पुसलेली, ब्रशच्या मागच्या टोकाने आणि नखाने ओरखडलेली. न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात हान्स आणि एरिका टीट्झे या दांपत्याचं आहे, त्यात हे ओरखडे स्पष्ट दिसतात. जर्मनीतल्या मानहाइमच्या संग्रहालयात ओग्युस्त फोरेल या स्विस मनोविकारतज्ज्ञांचं आहे, १९१० चं. फोरेलना ते पटलं नाही आणि त्यांनी घेतलं नाही. पण त्यातले हात बघा. तो मातकट रंग प्रत्येक ठिकाणी वेगळा आहे, कुठे हिरव्याकडे जातो, कुठे तांबड्याकडे. मळलेल्या चित्रात तो सगळीकडे एकसारखा असतो. करडा हवा असेल तर पॅलेटवर ठरवून बनवा आणि एका फटकाऱ्यात ठेवा. कॅनव्हासवर आपोआप तयार झालेला करडा तुमचा नव्हे.

मळलेलं चित्र वाळून गेलं असेल तर

फेकू नका. वाळलेला करडा-तपकिरी चेहरा हा मधल्या टोनचा तयार पाया आहे, आणि आता तो मिसळणारही नाही. नख लावून बघा, ठसा उमटत असेल तर थांबा. पातळ काम आठवड्या-दोन आठवड्यांत हाताला कोरडं होतं, जाड रंगाला कितीतरी जास्त लागतं आणि पावसाळ्यात कोकणात त्याहून. उंच आलेले रंगाचे गड्डे नाइफने काढा. घासायचंच असेल तर पॉलिश पेपर ओला करून, मास्क लावून, कारण कॅडमियमची धूळ श्वासातून आत जाणं चांगलं नाही. मग कोरड्या ब्रशवर घट्ट उजळ रंग घेऊन फक्त उजेडाच्या बाजूने ओढा, म्हणजे खालचा करडा फटींतून दिसत राहील. सावलीला हातच लावू नका, ती तशीच छान असते. नवीन थरात खालच्यापेक्षा थोडं जास्त तेल हवं, तडे टाळण्यासाठी.

आणि त्या सगळ्या चिंध्या. जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी गोळा करून डब्यात कोंबली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. ही अफवा नाही. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका, आणि मगच दिवा बंद करून जेवायला जा.